प्रस्तावना : वही कोणाच्या हातात?

९ ऑक्टोबर २०२४ रोजी महाराष्ट्रात एकाच दिवशी दहा नव्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचे उद्घाटन झाले. त्यांत हिंगोलीचे नाव होते. १ मे १९९९ ला परभणीतून वेगळा झालेला, पाच तालुक्यांचा हा लहानसा जिल्हा. नामदेवांची नर्सी, औंढ्याचा नागनाथ, वसमतची हळद आणि हिंगोलीचा दसरा एवढ्यावर त्याची ओळख बाहेर संपते. पेशंट सिरियस झाला की गाडी नांदेडकडे वळवायची, ही इथली जुनी रीत. आता डॉक्टर इथेच घडणार, ही आनंदाची गोष्ट आहे.

या महाविद्यालयातला विद्यार्थी पीएसएम म्हणजे रोगप्रतिबंधक आणि सामाजिक वैद्यक हा विषय शिकेल. त्यासाठी पार्क यांचे जाडजूड पुस्तक वाचेल, बालमृत्यू दर कसा काढायचा हे पाठ करील आणि परीक्षेत लिहील. पण त्याच्या ओपीडीत कळमनुरी किंवा औंढ्याच्या डोंगरपट्ट्यातून आंध या आदिवासी जमातीतली जी बाई तापलेले मूल घेऊन येईल, तिच्याबद्दल त्याला कोणते पुस्तक वाचायला मिळेल? तिच्या समाजाचा इतिहास आणि तिच्या मुलाचे वजन या दोन गोष्टी एकत्र मांडणारे पुस्तक ग्रंथालयात मागितले, तर ग्रंथपाल कोणत्या कपाटाकडे जाईल? इतिहासाच्या की आरोग्याच्या?

प्रस्तुत संग्रहाचा जन्म या प्रश्नातून झाला आहे. उत्तर अमेरिकेतल्या चेरोकी या आदिवासी राष्ट्राचा इतिहास सांगणारी पुस्तके, आदिवासींच्या आरोग्यावरचे महत्त्वाचे संशोधन आणि महाराष्ट्रात या दोन्ही अंगांनी झालेले काम यांचा परिचय इथे एकत्र केला आहे. हिंगोलीच्या वाचकाला एवढ्या दूरच्या लोकांचे काय, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर म्हणून आधी चेरोकींचीच ओळख करून देतो.

चेरोकी मूळचे अमेरिकेच्या आग्नेयेकडील डोंगराळ मुलखातले. आजच्या जॉर्जिया, टेनेसी आणि नॉर्थ कॅरोलायना या राज्यांत त्यांची गावे होती. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी ते नांगरटीची शेती करत होते. त्यांची स्वतःची लेखी राज्यघटना आणि न्यायालये होती. १८२१ च्या सुमारास सिक्वोया नावाच्या त्यांच्यातल्याच एका माणसाने, ज्याला इंग्रजी वाचता येत नव्हते, चेरोकी भाषेसाठी अक्षरमाला तयार केली. थोड्याच वर्षांत लोक घरोघरी लिहू-वाचू लागले. २१ फेब्रुवारी १८२८ रोजी ‘चेरोकी फीनिक्स’ हे वृत्तपत्र निघाले, चेरोकी आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांत. बाळशास्त्री जांभेकरांचे ‘दर्पण’ १८३२ चे. म्हणजे मराठीतल्या पहिल्या वृत्तपत्राच्या चार वर्षे आधी एक आदिवासी समाज स्वतःच्या लिपीत बातम्या छापत होता.

पण शहाणे होऊन जमीन वाचत नाही. १८३० साली अमेरिकी काँग्रेसने आदिवासींना मिसिसिपी नदीच्या पलीकडे हलवण्याचा कायदा केला. १८३२ साली सर्वोच्च न्यायालयाने चेरोकींच्या बाजूने निकाल दिला, तो कोणी अमलात आणला नाही. डिसेंबर १८३५ मध्ये मूठभर चेरोकींनी जमीन सोडण्याच्या तहावर सह्या केल्या. त्याविरुद्ध पंधरा हजारांहून अधिक लोकांच्या सह्यांचा अर्ज गेला, तरी तह मंजूर झाला. मे १८३८ मध्ये सैन्याने घरोघर जाऊन माणसे बाहेर काढली आणि लाकडी कुंपणांच्या छावण्यांत कोंडली. उन्हाळा कडक होता, पाणी कमी होते. छावण्यांत हगवण, गोवर आणि डांग्या खोकला पसरला. हिवाळ्याच्या तोंडावर सुमारे हजार-हजार माणसांचे तेरा जथे पश्चिमेकडे निघाले. मिसिसिपीत बर्फ आल्याने काही जथे काठावर अडकून पडले. या प्रवासाला आज अश्रूंची वाट म्हणतात.

या वाटेवर माणसे किती मेली? पुस्तकांतून वर्षानुवर्षे चार हजार हा आकडा फिरत राहिला. तो डॉ. एलिझर बटलर या मिशनरी डॉक्टरच्या अंदाजावर आधारलेला आहे. चेरोकींच्या मुलखात जॉर्जियाचा परवाना न घेता राहिला म्हणून या माणसाला राज्य सरकारने आधीच सक्तमजुरीला पाठवले होते. पुढे तो जथ्यांबरोबर डॉक्टर म्हणून गेला. त्याचा अंदाज प्रामाणिक होता, तरी तो एका माणसाचा अंदाज होता. दीडशे वर्षांनी रसेल थॉर्नटन या समाजशास्त्रज्ञाने वेगळाच प्रश्न विचारला. १८३५ च्या खानेसुमारीत पूर्वेकडील चेरोकींची संख्या १६,५४२ भरली होती. हकालपट्टी झालीच नसती, तर पुढच्या पाच वर्षांत ती किती झाली असती? आणि प्रत्यक्षात किती उरली? या दोहोंतला फरक त्याने १९८४ च्या एका लेखात दहा हजारांहून अधिक काढला. यात मेलेले आहेत आणि जन्मालाच न आलेलेही आहेत. १९९० साली त्याचे ‘द चेरोकीज : अ पॉप्युलेशन हिस्ट्री’ हे पुस्तक आले. थॉर्नटन स्वतः चेरोकी आहे.

या ओळीपाशी वाचकाने थोडे थांबावे. थॉर्नटनने मेलेल्यांच्या यादीत न जन्मलेल्यांचीही जागा ठेवली. वाटेत पडलेल्या बायका, गेलेली गर्भारपणे, विस्कटलेली लग्ने यांचा हिशोब कोणत्याही जथ्याच्या नोंदवहीत नव्हता. लोकसंख्याशास्त्राची साधी रीत वापरून त्याने तो बाहेर काढला. रीत कोणालाही येते. तो प्रश्न विचारावा असे वाटणे मात्र नात्यातून येते. जे लोक मोजले जातात त्यांच्यापैकी कोणी मोजायला बसला की प्रश्न बदलतो आणि म्हणून उत्तरही बदलते. या संग्रहातल्या सगळ्या लेखांना बांधणारा धागा हाच आहे.

उलट बाजूही पाहू. जेम्स मूनी हा अमेरिकी सरकारच्या मानववंशशास्त्र विभागाचा अभ्यासक १८८७ पासून नॉर्थ कॅरोलायनात मागे राहिलेल्या चेरोकींमध्ये जात होता. तिथे स्विमर नावाच्या वैद्याने त्याला आपली वही दाखवली. सुमारे २४० पानांची छोटी वही, सुमारे अर्धी सिक्वोयाच्या अक्षरांत भरलेली. रोगांवरचे मंत्र, औषधे आणि उपचाराच्या रीती तिच्यात होत्या. दुसऱ्या वैद्यांकडेही अशा वह्या निघाल्या. म्हणजे चेरोकींचे वैद्यकाचे लेखन चेरोकींनीच केलेले होते. त्या वह्या मूनीने सरकारी संग्रहासाठी मिळवल्या आणि त्यांच्या आधारे १८९१ साली मोलाचा ग्रंथ छापला. ग्रंथामुळे ज्ञान टिकले, यात शंका नाही. पण वह्या डोंगरातून वॉशिंग्टनला गेल्या. पुढच्या चेरोकी पिढ्यांना आपल्याच पणजोबांचे औषध शोधायला सरकारी दप्तर उघडावे लागले.

साथींच्या इतिहासातही हाच फरक दिसतो. १७३८ च्या सुमारास चेरोकींमध्ये देवीची साथ आली आणि निम्मे लोक गेले, असे जेम्स अडेअर या व्यापाऱ्याच्या १७७५ च्या पुस्तकात आहे. पुढे हीच गोष्ट प्रत्येक पुस्तकात उतरली आणि तिच्यातून एक सोयीचा निष्कर्ष निघाला. रोग नवा, रक्तात प्रतिकारशक्ती नाही, वैद्य अडाणी, त्यामुळे माणसे मेली, दोष कोणाचाच नाही. पॉल केल्टन या इतिहासकाराने २०१५ च्या आपल्या पुस्तकात या निष्कर्षाला हात घातला. चेरोकींनी साथ ओळखली होती, गावे वेगळी ठेवली होती, बाहेरच्यांचे येणे-जाणे बंद केले होते आणि तो सगळा बंदोबस्त विधीच्या रूपात बांधला होता, असे त्याने दाखवले. जंतूंनी मारले हे खरे. पण ज्या वर्षी सैन्याने कणग्या जाळल्या आणि लोक उपाशी रानात पळाले, त्या वर्षी जंतूंनी जास्त मारले.

आपल्याकडच्या वाचकाला हे नवखे वाटू नये. १८९६ नंतर प्लेगने महाराष्ट्र पोखरला, तेव्हा गावेच्या गावे शिवारात झोपड्या घालून राहायला गेली. घरात उंदीर पडला की गाव सोडायचे, ही अक्कल लोकांना कोणत्या परिपत्रकाने शिकवली नव्हती. गाव बांधून घेणे, मरीआईचा गाडा शिवेबाहेर काढणे यांकडे फक्त अंधश्रद्धा म्हणून पाहिले, तर त्यातला साथ शिवेबाहेर ठेवण्याचा विचार नजरेतून सुटतो. आणि नुसते कौतुकच करत बसलो, तर लस घेण्याचे राहून जाते. या दोन्ही टोकांपासून सावध राहायला केल्टनचे पुस्तक शिकवते.

आरोग्य संशोधनाचे सगळ्यात बोलके उदाहरण मात्र अगदी अलीकडचे आहे. नॉर्थ कॅरोलायनाच्या पश्चिम भागात ड्यूक विद्यापीठाच्या जेन कॉस्टेलो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून १,४२० मुलांच्या मानसिक आरोग्याचा वर्षानुवर्षे पाठपुरावा केला. त्यांतली सुमारे चौथा हिस्सा मुले ईस्टर्न बँड म्हणजे तिथेच मागे राहिलेल्या चेरोकींची होती. अभ्यास चालू असतानाच चेरोकींच्या राखीव भूमीवर जुगारघर उघडले आणि त्याच्या नफ्यातला वाटा जमातीच्या प्रत्येक माणसाला सहा-सहा महिन्यांनी मिळू लागला. संशोधकांनी न मागता एक प्रयोग त्यांच्यासमोर उभा राहिला. २००३ साली आलेल्या निष्कर्षांनुसार गरिबीतून बाहेर पडलेल्या कुटुंबांतल्या मुलांचे आक्रमक, बंडखोर वागणे कमी होऊन कधीच गरीब नसलेल्या मुलांच्या पातळीवर आले. चिंता आणि नैराश्य यांत मात्र तसा फरक पडला नाही. कारण शोधताना एक साधी गोष्ट पुढे आली : हातात पैसा आल्यावर आईबापांना मुलांकडे लक्ष द्यायला वेळ मिळू लागला.

मुलांच्या वागण्याचे खापर रक्तावर, जमातीवर किंवा संस्कारावर फोडणाऱ्यांना हे चांगले उत्तर आहे. ते ऐकताना पैसा जुगाराचा होता हेही विसरू नये. एका घराचे दुःख कमी करणारा पैसा दुसऱ्या कोणाच्या घरातून आला असणार. या प्रश्नाला संशोधन उत्तर देत नाही, आणि तसा आवही आणत नाही.

आता हिंगोलीकडे येऊ. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या पावणेबारा लाखांच्या वर होती आणि साधारण दहातला एक माणूस अनुसूचित जमातीचा. त्यांत आंध सर्वांत जास्त. पैनगंगेच्या अल्याड हिंगोली आणि नांदेड, पल्याड पुसद, उमरखेड आणि वाशीम असा आंधांचा मुलूख पसरलेला आहे. नदीच्या एका काठावर निजामाचे राज्य होते, दुसऱ्या काठावर वऱ्हाडात इंग्रजांचा कारभार होता. त्यामुळे एकाच समाजाची नोंद दोन दप्तरांत झाली. रसेल आणि हिरालाल यांच्या १९१६ च्या मध्य प्रांतावरच्या ग्रंथात वऱ्हाडातल्या आंधांची संख्या १९११ च्या शिरगणतीनुसार सुमारे ५२ हजार दिली आहे. सय्यद सिराज उल हसन यांच्या १९२० च्या निजामी राज्यातील जाती-जमातींच्या ग्रंथात आंधांवर टिपण आहे. त्यांत पोटविभाग, लग्नाची रीत, देव आणि खाणे सापडते. मूल किती दिवसांचे होऊन जाते, बाळंतपणात बाई का दगावते, यावर काही नाही. लिहिणारे प्रशासनाचे लोक होते. त्यांना ही माणसे कोणत्या खणात ठेवायची एवढेच ठरवायचे होते.

गंमत अशी की ते खण आजही उघडतात. जमातीच्या दाखल्याची पडताळणी होताना १९५० पूर्वीची कागदपत्रे मागितली जातात. मराठवाड्यात ती बहुधा उर्दूत निघतात. चालीरीती जुळतात का, हेही तपासले जाते, आणि ते जुळवायला अनेकदा शंभर वर्षांपूर्वीच्या या ग्रंथांचाच आधार घेतला जातो. चालीरीतींची ही कसोटी निर्णायक मानता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२३ साली महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात म्हटले. पुस्तकातल्या एका परिच्छेदावर कोणाचा प्रवेश, कोणाची नोकरी टांगलेली राहते, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना इतिहास हा फावल्या वेळचा विषय वाटत नाही.

आंधांची आणखी एक अडचण आहे. ते वेगळे दिसत नाहीत. मराठी बोलतात, मिश्र गावांत राहतात, शेजाऱ्यासारखेच कापूस, सोयाबीन आणि हळदीच्या रानात राबतात. कळमनुरीला एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय आहे, पण राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीखालच्या क्षेत्रांच्या यादीत हिंगोली जिल्हा नाही. शेजारच्या नांदेडचा किनवट त्या यादीत आहे. म्हणजे पेसा कायद्याने मिळणारे ग्रामसभेचे अधिकार इथे लागू होत नाहीत. संशोधकही आदिवासी म्हटले की मेळघाट, गडचिरोली, नंदुरबार गाठतात. तिथे जायलाच हवे. पण त्यामुळे कळमनुरीचा आंध ना जंगलातला आदिवासी म्हणून मोजला जातो, ना गावातला गरीब म्हणून त्याची वेगळी नोंद होते. जिल्ह्याच्या सरासरीत तो विरघळून जातो.

ही सरासरी काय लपवते, ते देशाच्या पातळीवर डॉ. अभय बंग यांच्या अध्यक्षतेखालच्या तज्ज्ञ समितीने २०१८ च्या अहवालात दाखवले. आदिवासींची वेगळी आरोग्यविषयक माहितीच पुरेशी उपलब्ध नाही, ही त्या समितीची पहिली तक्रार. जी हाती लागली तिच्यावरून असे दिसले की देशाच्या लोकसंख्येत ८.६ टक्के असलेल्या आदिवासींच्या वाट्याला मलेरियाचे सुमारे ३० टक्के रुग्ण आणि जवळपास निम्मे मृत्यू येतात. वेगळे मोजल्याशिवाय हे कळलेच नसते.

मोजण्याची परंपरा महाराष्ट्रात नाही असे नाही. डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांत ६५० बायकांची तपासणी केली आणि १९८९ साली ‘लॅन्सेट’मध्ये लिहिले की त्यांपैकी ९२ टक्के बायकांना कुठला ना कुठला स्त्रीरोग आहे. त्याआधी जेमतेम ८ टक्के बायकांची कधी तशी तपासणी झाली होती. बाईचे आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि कुटुंबनियोजन एवढेच मानणाऱ्या जगाला या आकड्यांनी हलवले. पुढे डॉ. अभय बंग आणि सहकाऱ्यांनी गावातल्याच बायकांना नवजात बाळाची काळजी घ्यायला, न्यूमोनिया ओळखायला आणि गरज पडली तर इंजेक्शन द्यायला शिकवले. ३९ गावांत हे काम झाले, ४७ गावे तुलनेला ठेवली. १९९९ साली छापलेल्या निष्कर्षानुसार नवजात बालमृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले. आज देशभर आशाताई बाळंतिणीच्या घरी जाऊन जे करतात, त्याचे मूळ इथे आहे. बंग दांपत्याच्या सर्च या संस्थेने शोधग्राममधला दवाखाना गोंडांच्या घरांच्या धर्तीवर बांधला आणि त्याला दंतेश्वरी देवीचे नाव दिले, कारण लोकांना तसा हवा होता. त्याच्याही आधी, १९७० च्या दशकात, डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी जामखेडला खेड्यातल्या निरक्षर बायकांना आरोग्यसेविका केले होते. सिकलसेलवर डॉ. सुदाम काटे यांनी राज्यातल्या आदिवासी भागांत घालवलेली वर्षेही याच परंपरेतली. ‘गोईण’ आणि ‘कानोसा’ ही राणी बंग यांची पुस्तके संशोधनातून मराठी वाचकापर्यंत थेट येणारी वाट आहेत, म्हणून त्यांना या संग्रहात मोठी जागा दिली आहे.

मराठवाड्याचे स्वतःचे उदाहरण जास्त कडू आहे. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड करणाऱ्या बायकांच्या गर्भपिशव्या मोठ्या संख्येने काढल्या जात असल्याचे उघड झाल्यावर २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. ८२ हजारांवर बायकांची माहिती घेतली, तेव्हा १३ हजारांहून अधिक बायकांवर ही शस्त्रक्रिया झालेली आढळली. खाडा पडला की मुकादम पैसे कापतो, फडावर ना न्हाणी ना शौचालय, पोटात दुखले की जवळच्या दवाखान्यात पिशवी काढून मोकळे होण्याचा सल्ला. या एका आकड्यामागे दुष्काळाचा, कोरडवाहू जमिनीचा, उचलीचा आणि साखर कारखानदारीचा सत्तर वर्षांचा इतिहास उभा आहे. तो वगळून केवळ शस्त्रक्रियांवर बंधन घालायचे म्हटले तर बाई पुन्हा त्याच फडावर, त्याच दुखण्यासह उभी राहते.

उचल आणि स्थलांतर हिंगोलीच्या तांड्या-वाड्यांनाही ओळखीचे आहेत. एखाद्या अंगणवाडीत जाऊन पाहा. ताईंच्या हातात दंडाचा घेर मोजायची पट्टी असते. साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली लाल, साडेअकरा ते साडेबारा पिवळा, त्याच्या वर हिरवा. पोर मांडीवर घेतात, डावा हात ढिला सोडायला लावतात, दंडाच्या मधोमध पट्टी बसवतात आणि खिडकीतून दिसणारा आकडा रजिस्टरात उतरवतात. श्रावणात पिवळ्यावर असलेले पोर भाद्रपदात हिरव्याच्या काठावर येते. मग दसरा-दिवाळी उलटते आणि त्या ओळीत आकड्याऐवजी एक शब्द येतो : स्थलांतरित. चार-पाच महिने रकाने रिकामे. उन्हाळ्याच्या तोंडावर कुटुंब परतते तेव्हा पट्टी पुन्हा लालच्या जवळ. वर पाठवलेल्या तक्त्यात हे मूल सुधारले असेही दिसत नाही आणि बिघडले असेही नाही. ते त्या महिन्यांत नव्हतेच. ताईंना मात्र सगळे ठाऊक असते. कोणाचे बिऱ्हाड कोणत्या कारखान्यावर गेले, कोणाची आजी मागे राहिली, कोणत्या पोराला वाटेत हगवण लागली. हे त्यांच्या डोक्यात असते. त्याला रकाना नाही.

चेरोकींच्या तेरा जथ्यांच्या नोंदी आणि या रजिस्टरातला रिकामा रकाना यांत मला एकच गोष्ट दिसते. वाटेवरची माणसे हिशोबात नीट येत नाहीत, आणि जे हिशोबात येत नाही त्याची जबाबदारीही कोणावर येत नाही. थॉर्नटनने जे दीडशे वर्षांनी केले, ते आपण त्याच वर्षी करू शकतो. त्यासाठी नवे यंत्र लागत नाही. रजिस्टर लिहिणाऱ्या बाईला प्रश्न ठरवण्याचा अधिकार दिला तर पुरे.

तुलनेच्या मर्यादाही सांगायला हव्यात, नाहीतर वाचक फसेल. पश्चिमेकडे गेलेल्या चेरोकींच्या राष्ट्राला, म्हणजे चेरोकी नेशनला, स्वतःचे सरकार, न्यायालय आणि रुग्णालये आहेत. साडेचार लाखांहून अधिक नागरिक आहेत. २०१५ साली त्यांनी हेपेटायटिस सी हटवण्याची मोहीम हाती घेतली, ती स्वतःच्या आरोग्यसेवेच्या बळावर. त्यांच्या लोकांवर संशोधन करायचे तर त्यांच्याच नैतिकता समितीची परवानगी लागते. ॲरिझोनातल्या हवासुपाई जमातीचा अनुभव पाहिला की हे का लागते ते कळते. मधुमेहाच्या अभ्यासासाठी म्हणून घेतलेले त्यांचे रक्त दुसऱ्याच कामांसाठी वापरले गेले. २०१० साली विद्यापीठाने भरपाई दिली आणि नमुने परत केले. आंधांकडे असे काही नाही. त्यांच्याकडे मत आहे, राखीव जागा आहेत, जिल्हा परिषद आणि ग्रामपंचायत आहे. मार्ग वेगळा काढावा लागेल.

दुसरी गोष्ट अशी की पीडितांचा इतिहास म्हणजे पुण्यवानांचा इतिहास नव्हे. १८३५ च्या त्याच खानेसुमारीत चेरोकींच्या मालकीचे सुमारे सोळाशे काळे गुलाम नोंदले आहेत. अश्रूंच्या वाटेवर तेही चालले. त्यांच्या वंशजांचा नागरिकत्वाचा हक्क अमेरिकेतल्या न्यायालयाने २०१७ साली मान्य केला. याच विषयावरच्या टाया माइल्स यांच्या पुस्तकावरचा लेख या संग्रहात मुद्दाम घेतला आहे. आपल्याकडे आदिवासी समाजातल्या बाईच्या स्थानाबद्दल, भगताच्या धाकाबद्दल किंवा पोटजातींतल्या उच्चनीचतेबद्दल लिहिताना हात आखडतो. आपल्या माणसाने लिहिले म्हणून ते आपोआप खरे ठरत नाही. फक्त इतरांना न सुचलेला प्रश्न विचारायची संधी त्याला असते, आणि ती त्याने घ्यायला हवी.

हा संग्रह क्रमाने वाचण्याची गरज नाही. इतिहासाच्या विद्यार्थ्याने आरोग्याचे लेख आधी वाचावेत, वैद्यकाच्या विद्यार्थ्याने इतिहासाचे. दोघांनाही आपापल्या विषयातले रिकामे रकाने दिसतील. ईसापूर धरणाच्या पाण्यासाठी जी गावे हलली, त्यांतल्या लोकांच्या आरोग्याचे पुढे काय झाले? निजामी दप्तरात वनहद्दी आखल्या गेल्या, तेव्हा ज्यांचे रान गेले त्यांच्या नातवंडांचे वजन आज किती आहे? हिंगोलीच्या महाविद्यालयात जे विद्यार्थी शिकतील त्यांना प्रबंधासाठी विषय शोधत मुंबई-पुण्याकडे पाहायची गरज पडू नये.

ओक्लाहोमात, चेरोकी नेशनच्या राजधानीत, तिथल्या राज्य विद्यापीठाने आणि चेरोकींनी मिळून २०२० साली एक वैद्यकीय महाविद्यालय सुरू केले. जमातीशी संलग्न असे ते अमेरिकेतले पहिलेच. त्याची पहिली तुकडी २०२४ मध्ये बाहेर पडली, आणि त्याच वर्षी हिंगोलीची पहिली तुकडी आत आली. त्यांना तिथवर पोचायला अश्रूंच्या वाटेनंतर १८० वर्षे लागली. आपल्याला निदान त्यांची पुस्तके आयती मिळाली आहेत.

म्हणून या जिल्ह्यात अभ्यास करणाऱ्या प्रत्येकाकडे तीन मागण्या आहेत. अनुसूचित जमातींचे आकडे जिल्ह्याच्या सरासरीतून वेगळे काढा. प्रश्न ठरवताना अंगणवाडीताई, आशाताई आणि गावातली शिकलेली आंध मुले-मुली यांना सोबत बसवा. आणि अभ्यास संपला की निष्कर्ष मराठीत लिहून ज्या गावाचे आहेत त्या गावच्या ग्रामसभेत वाचून दाखवा, तिथे कोणी हरकत घेतली तर तीही नोंदवा. यातल्या एकाही गोष्टीला वरून मंजुरीची वाट पाहावी लागत नाही.